नमस्कार देवीला होता

चष्म्याची काडी तुटली म्हणून नागपूरच्या महाल भागात गेलो होतो. नवरात्राची तिसरी की चौथी माळ असेल. बडकस चौकाच्या अलीकडे एका ठेल्यावर नानाकाका दिसले. हातात पोह्यांची प्लेट, पोह्यांवर डॉक्टरांनी बंद केलेली तर्री. मी गाडी बाजूला लावली आणि महिनाभर मनात साचलेलं बोलून टाकलं, "काका, यंदा महालक्ष्म्यांना आले नाही तुम्ही." त्यांनी तर्रीतला एक चणा चमच्यात घेतला, तोंडात टाकला, सावकाश चावला. मग म्हणाले, "बोलावलं कुठं तू?" मला खरंच राग आला. खिशातून फोन काढला, 'वाड्यातले' हा आमचा ग्रुप उघडला, महिनाभराचे गुड मॉर्निंग आणि वाढदिवस अंगठ्याने मागे ढकलत ढकलत ती पत्रिका शोधली आणि त्यांच्यासमोर धरली. झेंडूच्या फुलांच्या चौकटीत देवीचे मुखवटे, खाली 'सस्नेह निमंत्रण', तारीख, वेळ, मनीषनगरातल्या फ्लॅटचा पत्ता, वर लोकेशन. आणि त्याच्या खाली नानाकाकांच्या नावासमोर जोडलेले दोन हात. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, फोन नाकाजवळ नेला. "हो, पाहिलं होतं ना. हात मीच जोडले," ते म्हणाले. "पण तो नमस्कार देवीला होता."

आणि ठेलेवाल्याकडे वळून म्हणाले, "थोडी तर्री टाक अजून."

मी ते दोन हात 'येतो' असे वाचले होते. ग्रुपमध्ये त्रेचाळीस जण. त्यातल्या एकोणीस जणांनी हात जोडले, सहा जणांनी अंगठा दाखवला, एकाने केक पाठवला (का, ते त्यालाच माहीत), बाकीच्यांनी नुसतं पाहिलं. त्या निळ्या खुणांवरून मी आणि बायकोने पानं मोजली, पुरण किती शिजवायचं ते ठरवलं. हे लिहिताना माझं मलाच हसू येतं. पण खरं सांगतो, त्या रात्री आम्ही दोघं डायनिंग टेबलावर बसून एखाद्या ज्योतिषाने कुंडली पाहावी तशा गांभीर्याने फोन पाहत होतो. "हात जोडले म्हणजे येणार," मी म्हणायचो. "अंगठा म्हणजे?" "अंगठा म्हणजे जमलं तर."

नानाकाकांची खरी उणीव जाणवली ती पंगत बसल्यावर. वाड्यातल्या पंगतीत तूप वाढायचं काम त्यांचं. कोणी नेमलं नव्हतं, पण माझ्या आठवणीत दुसऱ्या कोणी ते केलेलं नाही. पितळेची लोटी डाव्या हातात, उजवा हात लोटीच्या बुडाशी, कमरेत वाकून ते पानापाशी यायचे आणि धार सोडली की थांबायचेच नाहीत. आपण 'बस, बस' म्हणत पानावर हात आडवा धरायचा, तर ते बोटांवरूनच तूप सोडायचे. पुरणपोळी तुपात पोहली नाही तर तिला ते पोळीच म्हणत नसत. आंबिलीचा आंबूस वास, वर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्यांचा खमंगपणा, ओल्या केळीच्या पानांचा हिरवा वास आणि या सगळ्यावरून फिरत जाणारा कढत्या तुपाचा वास, महालक्ष्म्यांचं जेवण म्हटलं की मला एवढंच आठवतं. सोळा भाज्या कोणत्या, ते आजही आईला विचारावं लागतं. यंदा तूप माझ्या भाच्याने वाढलं. चमच्याने. प्रत्येकाला एकेक चमचा, खोकल्याचं औषध द्यावं तसं. कोणीही पानावर हात आडवा धरला नाही.

आजीचा शब्द 'आवतण'. निमंत्रण छापलेलं असतं, आवतण द्यायला जावं लागतं. महालक्ष्म्यांच्या आठ-दहा दिवस आधी बाबांची ती फेरी सुरू व्हायची. संध्याकाळी ऑफिसातून आले की चहा घ्यायचे, शर्टाच्या खिशात अक्षतांची पुडी ठेवायचे आणि मला लूनावर मागे बसवून निघायचे. महाल, इतवारी, मग एक संध्याकाळ सीताबर्डी आणि धंतोली, एक संध्याकाळ धरमपेठ. चढावर लूनाला पायडल मारावं लागे, तेव्हा मी खाली उतरून मागे पळायचो. प्रत्येक घरी 'बसा ना' व्हायचं, 'नाही हो, अजून सात घरं आहेत' व्हायचं आणि तरी बसणं व्हायचंच. पाणी, कुठे चहा, कुठे नुसता गुळाचा खडा. देवीचा विषय दोन मिनिटांत संपे. मग कोणाच्या तरी मुलीचं स्थळ, कोणाची बदली, कोणाचं गुडघ्याचं दुखणं. बाबा घरी येऊन आईजवळ कुरकुर करायचे, पाय दुखतात, वेळ जातो, त्या अमक्याने पाऊण तास बसवून ठेवलं. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच घरी पाऊण तास.

त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाही. आवतणावरून जेवढी भांडणं त्या काळात झाली तेवढी आज होत नसतील. बाबा स्वतः गेले तर ते पहिल्या दर्जाचं बोलावणं. मला एकट्याला सायकलवर पाठवलं तर दुसऱ्या दर्जाचं, आणि समोरची काकू दारातच विचारायची, "बाबांना वेळ नाही वाटतं?" आमच्याकडे १९९१ साली फोन आला. त्या वर्षी बाबांनी धंतोलीच्या आत्याला फोनवरून कळवलं. आत्या आली नाही. दुसऱ्या वर्षीही आली नाही. तिचं म्हणणं साधं होतं, "फोन काय, उधारीवाल्यालाही करतात." अखेर आजी स्वतः रिक्षाने जाऊन तिला घेऊन आली. तेव्हा नानाकाका काही नवं सांगत नव्हते. कोणत्या मार्गाने आलेलं बोलावणं खरं, हा वाद आमच्या घरात व्हॉट्सॲपच्याही कितीतरी आधीपासून चालू आहे.

आणि जोडलेल्या हातांचं म्हणाल, तर तेही फार नवं नाही. मोठ्या काकांच्या लग्नातल्या तारा आईने बरीच वर्षं एका पत्र्याच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. लहानपणी मी त्या काढून वाचायचो आणि मला कोडं पडायचं की निरनिराळ्या गावच्या निरनिराळ्या माणसांना अक्षर न अक्षर तेच वाक्य कसं सुचलं. पुढे कळलं, शुभेच्छांच्या तारेसाठी तार खात्याने वाक्यं ठरवून ठेवली होती आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक होता. पाठवणाऱ्याने नुसता क्रमांक सांगायचा, तिकडे वाक्य पोचायचं, पैसेही कमी लागायचे. २०१३ च्या जुलैत तारेची सेवाच बंद झाली. म्हणजे ज्या पिढीने आम्हाला 'तुम्ही नुसती चित्रं पाठवता' म्हणून झोडपलं, ती स्वतः एकमेकांना आकडे पाठवत होती. तरी आईने ते आकडे डब्यात जपले. माझ्या फोनमधले केक आणि गुलाब मी दर महिन्याला पुसून टाकतो, नाहीतर फोन अडकतो.

आईचं स्वतःचं तर वेगळंच चालतं. ती आणि अमरावतीची मावशी रोज दुपारी व्हिडिओ कॉल लावतात. मावशी फोन टेबलावर आडवा ठेवून देते. त्यामुळे तीन वर्षं झाली, आईला मावशीचा पंखा दिसतो. "पंखा पुसला वाटतं काल," असं ती मधूनच म्हणते आणि तूर निवडत राहते.

मालिनोव्स्की नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली एक गोष्ट मांडली होती. ती मला कॉलेजात अगदीच पोरकट वाटली होती. त्याचं म्हणणं, माणसं कित्येकदा काही सांगायचं म्हणून बोलतच नाहीत, नुसतं एकमेकांशी बांधलेलं राहावं म्हणून बोलतात. हवापाण्याच्या गप्पा, खुशाली, वाटेत भेटल्यावरचे प्रश्न, यांतून माहिती काहीच मिळत नाही आणि मिळवायचीही नसते. त्याने हे पॅसिफिकमधल्या बेटांवर राहून आल्यानंतर लिहिलं. महालात राहिला असता तर एका सकाळीच कळलं असतं. "काहून रे, कुठं जाऊन राहिला?" "हे काय, इथंच." या संवादात विचारणाऱ्याला उत्तर नको असतं आणि देणाऱ्याने दिलेलंही नसतं, पण तो झाला नाही तर दोघांनाही दिवसभर चुटपूट लागते. रोज पहाटे साडेपाचला सूर्योदयाचं चित्र पाठवणाऱ्या सेवानिवृत्त शेजाऱ्यावर मी फार हसलो आहे. आता वाटतं, तो रोज सकाळी ओट्यावर येऊन 'काहून रे' म्हणतो आहे, इतकंच. फक्त ओट्यावर त्रेचाळीस जण आहेत आणि तो नेमका कोणाकडे पाहतो आहे ते कळत नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घालवायला पुतळ्यांची मिरवणूक निघते, त्या मारबतीचं या वर्षीचंही सांगायला हवं. बहीण टोरांटोला असते. इथे दुपारचे बारा म्हणजे तिच्याकडे रात्रीचे अडीच. ती जागी राहून लाइव्ह पाहत होती आणि मी गर्दीत उभा होतो. १८८१ पासून निघणारी काळी मारबत आमच्या घरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली, त्यामुळे त्या दिवशी घरात बसणं मला जमत नाही. पण खरं सांगायचं तर मला दिसलं काय? समोरच्याची घामाने भिजलेली पाठ आणि त्याच्या खांद्यावर बसलेलं एक पोरगं, ज्याच्या हातातला बर्फाचा गोळा माझ्या बाहीवर ठिबकत होता. बहीण मेसेजवर मेसेज पाठवत होती. आता अमुक बडग्याचा पुतळा येतोय, त्याच्या पाटीवर असं लिहिलंय, बघ, बघ. म्हणजे चार हातांवरून जाणारा बडग्या मला बारा हजार किलोमीटरवरून कळत होता. 'घेऊन जा गे मारबत'चा गलका उठला की छातीत ताशा घुसायचा. फोन वर धरून मी तिला तो ऐकवायचा प्रयत्न केला, तर तिला नुसती खरखर ऐकू आली. रात्री ती म्हणाली, "मला सगळं नीट दिसलं रे. पण मी कोणाला दिसले नाही." तेवढ्या वेळात मला गर्दीत तीन जणांनी 'इकडे कुठं?' विचारलं होतं. त्यांतल्या एकाचं नाव मला अजून आठवलेलं नाही.

मग २०२१ चा एप्रिल.

त्याबद्दल नागपुरात कोणाला काही सांगायची गरज नाही. मार्चातच शहर एकदा बंद होऊन उघडलं होतं आणि एप्रिलमध्ये फोनची रिंग वाजली की पोटात गोळा यायचा. नानाकाकांची बायको, आमच्या काकू, त्या महिन्यात गेल्या. मी जाऊ शकलो नाही. मलाही ताप होता, मधल्या खोलीत एकटा पडून होतो, आणि नसता तरी कोणी जाऊ दिलं नसतं. मुलगी बंगलोरला अडकलेली. काका घरात एकटे. मी रोज रात्री नऊला त्यांना फोन करायचो. बोलायला काहीच नसायचं. "काय खाल्लं?" "खिचडी." "औषध?" "घेतलं." कोणी डबा आणून दारात ठेवायचं, त्याचं झाकण घट्ट आहे की सैल, यावर आम्ही एकदा पाच मिनिटं बोललो. चौथ्या की पाचव्या रात्री काकांनी 'हं' म्हटलं आणि पुढे काहीच नाही. फोन बंद केला नव्हता, बाजूला ठेवून दिला होता. मला त्यांच्या कूलरचा आवाज ऐकू येत राहिला. पत्र्याचा जुना मोठा कूलर, त्याच्या ताट्यांवरून पाणी झिरपायचं, मध्येच पंप घरघरायचा आणि पुन्हा सुरळीत व्हायचा. तो आवाज मी ओळखत होतो. लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी त्याच कूलरसमोर आम्ही आठ-नऊ पोट्टे ओळीने झोपायचो आणि काकू ओरडायच्या, "टाकीत पाणी कोण टाकणार?" त्या रात्री मी अर्धा-पाऊण तास फोन कानाला लावून पडून राहिलो. एकदा वाटलं हाक मारावी, पण मारली नाही. शेवटी पलीकडून आवाज आला, "आहेस ना?" मी म्हटलं, "आहे." "बरं. ठेव आता. बॅटरी संपेल तुझी."

बडकस चौकात दुसऱ्यांदा तर्री घेतल्यावर काकांनीच हा विषय काढला. म्हणाले, "त्या साली तू रोज यायचा ना, नऊला." मी म्हटलं, "येत नव्हतो काका, फोन करायचो." "तेच ते," काका म्हणाले आणि प्लेट डब्यात टाकली. मी नुसता पाहत राहिलो. एका फोनला हा माणूस 'येणं' म्हणतो आणि दुसऱ्या फोनवरच्या पत्रिकेला 'बोलावणं' म्हणायला तयार नाही. घरी येताना सबंध वाटेवर मी यातला फरक शोधत होतो. तेव्हा मला जाता येत नव्हतं आणि यंदा येत होतं, हा एक. तेव्हा मी एकट्या त्यांना फोन केला होता आणि यंदा त्रेचाळीस जणांना एकदम 'या' म्हटलं, हा दुसरा. दोन्ही पटले. पण बायकोला सांगितलं तर ती कणीक मळता मळता म्हणाली, "ते सगळं जाऊ दे. त्यांना आणायला कोण जाणार होतं?" दरवर्षी भाचा त्यांना गाडीवर घेऊन यायचा. यंदा तो जेमतेम आदल्या रात्री पुण्याहून आला, मग भाज्या चिरत बसला आणि ते राहूनच गेलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस महालातून मनीषनगरला रिक्षा करून येणार कसा, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी लोकेशन पाठवलं होतं.

कोजागिरीच्या आदल्या संध्याकाळी ऑफिसातून परस्पर महालात गेलो. संत्रा बर्फीचा डबा घेतला होता. बाबांसारखा खिशाला हात लावून पाहिला आणि मग लक्षात आलं की कोजागिरीला अक्षता कोण देतं. काकांच्या दाराला कुलूप. शेजारच्या बाई म्हणाल्या, "लेकीकडे गेले ना, बंगलोरला. मोतीबिंदू काढला परवा." मी ओट्यावर बसलो आणि व्हिडिओ कॉल लावला. बऱ्याच वेळाने पडद्यावर एक काळा चष्मा आणि अर्धा कान आला.

"कोण?"

"काका, मी. तुमच्या दारात आहे."

"कोणाच्या?"

"तुमच्या. महालात."

"मग बेल कशी नाही वाजली?" काका म्हणाले आणि स्वतःच खोकत खोकत हसले. मी फोन फिरवून त्यांना घर दाखवलं. ओटा, कुलूप, पितळेची पाटी, कोपऱ्यातली कुंडी. "थांब, थांब. ती जास्वंद वाळून राहिली," ते म्हणाले. "मागच्या नळाला बादली उलटी घातली आहे. पाणी टाक." मी फोन पाटीला टेकवून ठेवला, बादली आणली. "हळू. माती उडते... हं. अजून थोडं." पाणी कुंडीच्या काठाशी आलं. "अजून?" "टाक, टाक."

मग मी म्हटलं, "काका, आवतण द्यायला आलो होतो. कोजागिरीचं."

"मग दे ना."

"उद्या रात्री दूध प्यायला या घरी."

"येतो," काका म्हणाले. "आणि ती कुंडीखालची ताटली रिकामी कर. डास होतात."